वाचक विचारतात : कथालेखनाचे सायंकालीन वर्ग

कामधंदा सांभाळून संध्याकाळच्या वर्गात कथालेखन शिकणाऱ्या, किंवा शिकू पाहणाऱ्या, वाचकांनी आपल्या अडचणी कळवाव्यात असे आवाहन आम्ही केले होते. आलेल्या पत्रांपैकी ज्यांतील शंका अनेकांच्या असाव्यात अशी पत्रे येथे घेतली आहेत. काही पत्रे लांब असल्याने त्यांचा गाभाच दिला आहे आणि पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : मी दिवसभर कचेरीत हिशेबाचे काम करतो. आठवड्यातून एकदा भरणाऱ्या कथालेखनाच्या वर्गाला नाव घालावे असे मनात आहे; परंतु लेखन हे उपजत असावे लागते, ते शिकवून येत नाही, असे मित्र ठामपणे सांगतात. आपले मत काय?

उत्तर : तुमच्या मित्रांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे आणि त्या अर्ध्याचा वर्गाशी संबंध नाही. कोणती गोष्ट सांगितल्यावाचून तुम्हाला चैन पडणार नाही, हे कोणताही शिक्षक ठरवून देऊ शकत नाही. पण ती गोष्ट कोणाच्या तोंडून सांगायची, कोठून सुरू करायची, कोणता प्रसंग विस्ताराने लिहायचा आणि कोणता एका वाक्यात उरकायचा, संवादातले कोणते वाक्य काढून टाकले तरी काही बिघडत नाही, हे सारे दाखवता येते, सांगता येते आणि सरावाने अंगवळणीही पडते. गाणाऱ्याने शिकवणी घेतली तर कोणाच्या भुवया उंचावत नाहीत. लिहिणाऱ्याने घेतली की मात्र त्याच्या प्रतिभेविषयी शंका येते, हे मला नेहमीच विचित्र वाटत आले आहे. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात लेखकांची कार्यशाळा १९३६ साली सुरू झाली आणि इंग्लंडमधील ईस्ट अँग्लिया विद्यापीठाने सर्जनशील लेखनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम १९७० मध्ये सुरू केला. तेव्हापासून आजपर्यंत ‘हे शिकवता येते का’ हा वाद चालूच आहे आणि तो चालू असतानाच तेथून लेखकही बाहेर पडत आले आहेत.

आठवड्याला दोन तासांचा सायंवर्ग म्हणजे असा पूर्णवेळ अभ्यासक्रम नव्हे, हे ध्यानात ठेवून अपेक्षा ठेवावी. माझ्या मते अशा वर्गाचा खरा लाभ एकच आहे : आपण लिहिलेले पान परक्या माणसाच्या डोळ्यांनी वाचण्याची सवय लागते. घरी बसून लिहिणाऱ्याला आपल्या मनात काय होते हे ठाऊक असते, त्यामुळे कागदावर काय उतरले आहे आणि काय राहून गेले आहे, हे त्याला दिसतच नाही. दहा अनोळखी माणसे तेच पान वाचून ‘ही बाई रागावली आहे की घाबरली आहे?’ असे विचारतात, तेव्हा ते दिसू लागते. हिशेब तपासण्याची सवय तुमच्या उपयोगीच पडेल.

प्रश्न : वर्ग निवडताना काय पाहावे? शिक्षक नामवंत लेखक असणे आवश्यक आहे का?

उत्तर : नामवंत असणे आवश्यक नाही, तयार वाचक असणे आवश्यक आहे. चांगले लिहिणाऱ्या सर्वांनाच दुसऱ्याच्या कच्च्या खर्ड्यात काय दडले आहे ते ओळखता येते असे नाही आणि काहींना आपल्यासारखेच लिहिलेले तेवढे आवडते. नाव घालण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. वर्गात किती जण असतात, दर वेळी किती जणांच्या कथा चर्चेला घेतल्या जातात आणि त्या कथा आधी वाटल्या जातात की वर्गातच वाचून दाखवल्या जातात? दोन तासांत दोन कथांची नीट चर्चा होऊ शकते. बाराजणांच्या वर्गात, दर आठवड्याला दोन कथा घेतल्या, तर प्रत्येकाची पाळी सहा आठवड्यांनी येते. म्हणजे बारा आठवड्यांच्या सत्रात तुमच्या दोनच कथा चर्चेला येतील. वर्गात तीस जण असतील तर ते व्याख्यान आहे; व्याख्यानही ऐकावे, पण त्याला कार्यशाळा समजू नये. कथा आधी घरी नेऊन वाचता येत असतील तर उत्तम, कारण कानांनी ऐकलेल्या कथेत वाचणाऱ्याचा आवाज पुष्कळ दोष झाकून टाकतो.

प्रश्न : माझ्या कथेत बारा वर्षांनी घरी आलेली मुलगी आणि तिचे वडील यांची भेट आहे. मी लिहिले होते : “सुमतीच्या मनात वडिलांविषयी फार राग होता. बारा वर्षांनी ती या घरात पाऊल ठेवत होती. वडील आता थकले होते आणि त्यांना आपल्या वागण्याचा पश्चात्ताप झाला होता.” वर्गात सर्वांनी ‘सांगू नका, दाखवा’ असे सुचवले. त्याप्रमाणे मी तोच भाग आठ पाने वाढवून लिहिला. त्यात तिच्या मुठी आवळणे, ओठ थरथरणे, वडिलांचे डोळे पाणावणे, सारे घातले. आता सर्वजण म्हणतात, कथा रेंगाळते. नेमके करायचे तरी काय?

उत्तर : ‘सांगू नका, दाखवा’ हे लेखनवर्गांतील सर्वांत लाडके आणि सर्वांत अर्धवट समजलेले वाक्य आहे. ते ऐकून लिहिणारा प्रत्येक भावनेच्या जागी एकेक शारीरिक खूण ठेवू लागतो : रागाला आवळलेली मूठ, दुःखाला पाणावलेले डोळे, भीतीला धडधडणारी छाती. या खुणा म्हणजे वेशांतर करून आलेले सांगणेच होय. ‘तिला राग आला’ आणि ‘तिने मुठी आवळल्या’ यांत वाचकाच्या दृष्टीने फारसा फरक नाही. दोन्हींमध्ये त्याच्याकडे काही काम उरलेले नाही.

आता तुमच्याच प्रसंगाकडे पाहू. समजा, तो असा लिहिला :

“दार वडिलांनीच उघडलं. ‘आलीस?’ म्हणाले आणि तिच्या हातातली बॅग घ्यायला वाकले. सुमतीने बॅग दुसऱ्या हातात घेतली.”

येथे राग हा शब्द नाही, मूठ नाही, अश्रू नाहीत. पण वडील वाकले आणि बॅग त्यांच्या हाती आली नाही, एवढ्यावरून वाचक दोघांमधले अंतर स्वतः मोजतो. वडिलांच्या वाकण्यात त्यांचा पश्चात्तापही येऊन जातो, किंवा कदाचित तो पश्चात्ताप नसून नुसती आतिथ्याची सवय असेल. ही शंका राहिली तर कथा बिघडत नाही, उलट पुढे वाचण्याचे कारण मिळते. तुमच्या मूळ मजकुरातील तिसरे वाक्य ही शंका आधीच मिटवून टाकते, म्हणून ते मला सर्वांत नडते. शिवाय वडिलांच्या मनातला पश्चात्ताप सुमतीला कसा कळला, हा प्रश्न उरतोच.

परंतु तुमचे दुसरे वाक्य, ‘बारा वर्षांनी ती या घरात पाऊल ठेवत होती’, हे निव्वळ सांगणे असूनही ते ठेवावे. बारा वर्षे दाखवायला गेलात तर कादंबरी होईल. कथनात काळाची गती सतत बदलत असते. कधी प्रसंग घडायला लागेल तितकाच वेळ तो वाचायला लागतो, आणि संवाद बहुधा असेच चालतात. कधी अनेक वर्षे एका ओळीत सरतात. कधी मधला काळ अजिबात गाळला जातो आणि कधी घटना थांबवून लेखक एखाद्या खोलीचे वर्णन करत राहतो. फ्रेंच अभ्यासक जेरार जेनेत यांनी १९७२ साली या गतींची पद्धतशीर मांडणी केली, पण ती वाचली नसली तरी चालेल. आपल्या कथेच्या समासात प्रत्येक परिच्छेदापुढे किती काळ गेला ते पेन्सिलीने लिहून काढावे : ‘पाच मिनिटे’, ‘एक रात्र’, ‘बारा वर्षे’, ‘शून्य’. तुमच्या वाढवलेल्या आठ पानांपुढे बहुधा ‘दोन मिनिटे, दोन मिनिटे, शून्य, शून्य’ असे येईल आणि कथा का रेंगाळते ते वर्गाला विचारावे लागणार नाही.

कोणता भाग दाखवायचा याची माझी कसोटी सोपी आहे. ज्या प्रसंगानंतर दोन माणसांमधले काहीतरी पूर्वीसारखे राहत नाही, तो दाखवावा; बाकीचा सांगून मोकळे व्हावे. सुमतीचा प्रवास, गावात झालेले बदल, जुन्या शेजाऱ्यांची चौकशी, या सर्वांना दोन-चार वाक्ये पुरेत. दारातली बॅग मात्र सांगून भागणार नाही.

प्रश्न : मी तृतीयपुरुषी निवेदनात लिहिते. तरीही ‘दृष्टिकोन घसरला’ असा शेरा माझ्या प्रत्येक कथेवर येतो. सर्व पात्रांच्या मनात डोकावण्याची मुभा तृतीयपुरुषात असतेच ना?

उत्तर : मुभा असते, पण ती पहिल्या पानापासून घ्यावी लागते. सर्वज्ञ निवेदक स्वीकारला असेल तर तो सुरुवातीपासून सर्वज्ञ असल्याचे वाचकाला जाणवायला हवे. सहा पाने एकाच पात्राच्या खांद्यावरून जग दाखवायचे आणि सातव्या पानावर सोय म्हणून दुसऱ्याच्या मनात शिरायचे, याला घसरणे म्हणतात. तुमच्या कथेतून नव्हे, पण उदाहरण म्हणून ही दोन वाक्ये घ्या : “माधव खिडकीशी उभा राहून रस्त्याकडे पाहत होता. त्याच्या पाठीमागे शोभाच्या डोळ्यांत पाणी तरळले.” तरळलेले पाणी कोणी पाहिले? माधवाची तर पाठ आहे. त्याऐवजी, “पाठीमागे शोभाने नाक ओढल्याचे त्याने ऐकले, तो वळला नाही,” असे लिहिले की आपण माधवापाशीच राहतो आणि त्याचे न वळणेही हाती लागते. बंधन पाळल्यामुळे प्रसंग अधिक बोलका झाला, हे येथे लक्षात घ्यावे.

निवेदन कोणत्या पुरुषात आहे आणि प्रसंग कोणाच्या जाणिवेतून दिसतो, हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. मराठीत याची चाचणी घ्यायला क्रियापदे पुरतात. ‘शोभा स्वयंपाकघरात गेली’ असे लिहिले की वाचक बाहेरच्या खोलीत उभा असतो. ‘शोभा स्वयंपाकघरात आली’ म्हटले की तो आत असतो. ‘आणणे’ आणि ‘नेणे’, ‘इकडे’ आणि ‘तिकडे’, हेही तसेच. आपल्या खर्ड्यातील अशा शब्दांखाली रेघ मारून वाचावे. एकाच प्रसंगात वाचकाला विनाकारण चार वेळा खोली बदलावी लागत असेल, तर वर्गाचा शेरा रास्त आहे. तसे होत नसेल, तर शेरा मारणाऱ्यांना कथेतले नेमके वाक्य दाखवायला सांगावे. ‘दृष्टिकोन’ हा शब्द वर्गात फार सैल वापरला जातो.

प्रश्न : आमचे शिक्षक फळ्यावर कथेचा चढता-उतरता आलेख काढून पाच टप्पे सांगतात. माझ्या कथेत ते पाचही बसत नाहीत. कथा टाकून द्यावी काय?

उत्तर : मुळीच नाही. हा आलेख जर्मन लेखक गुस्टाव फ्रायटाग यांनी १८६३ मध्ये नाटकाच्या रचनेविषयी लिहिताना मांडला. आपल्याकडे नाट्यशास्त्रातही मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण अशा पाच संधी, म्हणजे कथानकाचे टप्पे, सांगितल्या आहेत. दोन्ही मांडण्या रंगमंचावर उभ्या राहणाऱ्या, काही अंकांच्या नाटकाच्या आहेत. बारा पानांच्या कथेत पाचही टप्पे शोधणे म्हणजे कथेवर अन्याय करणे आहे. अनेक चांगल्या कथा चौथ्या टप्प्यापाशी, म्हणजे आलेखाला उतार लागतो तेथेच, सुरू होतात. पहिला खर्डा लिहिताना आलेख डोळ्यांपुढे ठेवू नये. खर्डा पुरा झाल्यावर मध्येच कोठे दम सुटतो असे वाटले, तर त्या जागी निदान करायला तो अवश्य वापरावा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. वर्गातील तरुण मंडळी निवेदनातही ‘केलं’, ‘गेलं’, ‘असं’ लिहितात. मला ‘केले’, ‘गेले’, ‘असे’ हेच योग्य वाटते. शिवाय माझे संवाद पुस्तकी होतात, अशी त्यांची तक्रार आहे.

उत्तर : मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखन नियमांनी पात्राच्या तोंडी बोलण्याची भाषा घालण्यास मोकळीक दिली आहे आणि अन्य लेखनात ‘असे केले’ हे रूप वापरावे असे म्हटले आहे. कथेत मात्र प्रश्न केवळ नियमाचा राहत नाही, कारण निवेदक हाही एक बोलणारा माणूस असतो. एखादी व्यक्ती ‘मी’ म्हणून आपली हकीकत सांगत असेल तर तिच्या तोंडी ‘केलं’ शोभते. कथेपासून अंतर राखून, शांतपणे सांगणारा तृतीयपुरुषी निवेदक ‘केले’ म्हणाला तर ते त्याच्या स्वभावाला धरून होते. म्हणून निवेदक कोण हे ठरवावे, रूप त्याच्यामागून येते. एकदा ठरले की शेवटपर्यंत ते पाळावे. एका परिच्छेदात ‘गेले’ आणि पुढच्यात ‘गेलं’ आले की वाचकाला निवेदक बदलल्यासारखे वाटते. तुमच्या वर्गातील तरुणांनी हे कटाक्षाने पाळले आहे का, ते जरूर तपासावे. माझा अनुभव असा की दोन्ही बाजूंचे लोक येथे सारखेच बेसावध असतात.

संवाद पुस्तकी होण्याचे कारण बहुधा रूपांत नसते. बोलणारी माणसे एकमेकांना ठाऊक असलेली माहिती वाचकासाठी बोलून दाखवू लागली की संवाद पुस्तकी होतो. ‘आपले वडील तीन वर्षांपूर्वी गेले तेव्हापासून तू बदललास’ असे कोणतीही बहीण भावाला म्हणत नाही. ‘बाबा गेल्यापासून तू असाच’ इतकेच म्हणते. आणखी एक साधन आपल्या भाषेने आयते दिले आहे, त्याचा उपयोग वर्गात क्वचितच झालेला दिसतो. कोण कोणाला ‘तू’ म्हणतो, कोण ‘तुम्ही’ आणि कोण ‘आपण’, यात वय, नाते, दर्जा आणि रुसवा सारे सामावलेले असते. नेहमी ‘तू’ म्हणणारी सून-सासूची जोडी एका संध्याकाळी ‘तुम्ही’वर आली, तर भांडण झाल्याचे निराळे सांगावे लागत नाही. मात्र अशी एखादीच जागा राखून ठेवावी. प्रत्येक पानावर संबोधने बदलली तर वाचक त्याला मुद्रणदोष समजेल.

प्रश्न : माझ्या कथेचा शेवट काहींना अस्पष्ट वाटला, काहींना फारच उघड वाटला, एकाने तर शेवटचे पानच काढून टाका असे सुचवले. चर्चा चालू असताना लेखकाने गप्प बसायचे असा आमच्या वर्गाचा नियम आहे, त्यामुळे माझा हेतूही मला सांगता आला नाही. मी कोणाचे ऐकावे?

उत्तर : लेखकाने गप्प बसण्याचा नियम जाचक वाटतो खरा, आणि तो सरसकट लावू नये असे मानणारे शिक्षकही पुष्कळ आहेत. पण पहिल्या अर्ध्या तासापुरता तो पाळण्यात तुमचाच फायदा आहे. छापलेल्या कथेबरोबर तुम्ही वाचकाच्या घरी हेतू समजावून सांगायला जाणार नाही. कागदाला एकट्याने काय साधते ते पाहण्याची ही संधी आहे. चर्चेनंतर मात्र लेखकाला प्रश्न विचारता आले पाहिजेत. तशी सोय नसेल तर शिक्षकांकडे ती मागून घ्यावी.

परस्परविरुद्ध मतांविषयी एक भेद करायला शिकावे. वाचक कोठे अडखळला, हे त्याचे सांगणे जवळजवळ नेहमी खरे असते. ते कसे दुरुस्त करावे, हे त्याचे सांगणे बऱ्याचदा चुकीचे असते. तुमच्या तिन्ही वाचकांचे उपाय वेगळे आहेत, पण तिघेही एकाच जागी थांबले आहेत. म्हणजे शेवटापाशी काहीतरी आहे हे नक्की, आणि अनेकदा शेवट खटकतो त्याचे मूळ कितीतरी आधी असते. एखादी गोष्ट वाचकाला तिसऱ्या पानावर कळायला हवी होती, ती कळली नाही, म्हणून काहींना शेवट धूसर वाटतो; ती उणीव जाणवून तुम्ही अखेरच्या पानावर स्पष्टीकरण घातले, म्हणून इतरांना तो उघड वाटतो. दोन्ही तक्रारी एकाच दोषाच्या असू शकतात. त्यामुळे शेवटचे पान काढण्यापूर्वी तिसरे पान पाहावे.

शेरे त्या रात्रीच अमलात आणू नयेत. ते लिहून घ्यावेत, आठवडाभर बाजूला ठेवावेत आणि मग कथा पुन्हा पहिल्यापासून वाचावी. तेव्हाही जे शेरे आठवतील त्यांच्यावर काम करावे. सर्वांचे समाधान करणारी कथा लिहायला गेलात तर ती वर्गातल्या कोणालाही न खटकणारी होईल आणि वर्गाबाहेर कोणाच्या लक्षातही राहणार नाही.

प्रश्न : वर्गाला नियमित जातो, पण कामाच्या व्यापात दोन वर्गांच्या मधल्या दिवसांत एक ओळही लिहून होत नाही. मोकळ्या हातांनी जायची लाज वाटते.

उत्तर : लिहून झाले नाही म्हणून वर्ग चुकवू नये; दुसऱ्याच्या खर्ड्याची चर्चा ऐकणे हाही अभ्यासच आहे, किंबहुना स्वतःचे काही पणाला लागलेले नसल्याने त्या दिवशी जास्त ऐकू येते. राहिला लिहिण्याचा प्रश्न. सुट्टीच्या दिवशी सलग चार तास काढू, हा बेत बहुतेकांचा फसतो. वर्ग सुटल्यावर, घरी पोहोचण्याच्या आत किंवा पोहोचताच, त्या दिवशीच्या चर्चेने डोके तापलेले असताना अर्धे पान लिहावे आणि वाक्य अपुरे सोडून उठावे, म्हणजे दुसऱ्या दिवशी निदान ते वाक्य पुरे करायला तरी बसावे लागते. नवीन काही सुचत नसेल तर जुन्या कथेतला एखादा परिच्छेद दुसऱ्या पात्राच्या बाजूने लिहून पाहावा. वर्गात अर्धे पान नेले तरी चालते का, हे शिक्षकांना विचारून घ्यावे; बहुतेकजण आनंदाने होकार देतात, कारण बाकीचेही तुमच्याइतकेच कामात असतात आणि अर्धे पान सर्वांना त्याच संध्याकाळी दोनदा वाचता येते.